धाडकन् नको, खट् हवं!



आपल्या जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर तुम्हांला माहीत आहेच. नेवासे तालुक्यातलं हे गाव दारं नसलेल्या घरांसाठी देशभर प्रसिद्ध झालं. तिथल्या जुन्या घरांना चौकट आहे, पण चौकटीला दार नाही. २०११ साली तिथे युको बँकेची शाखा निघाली, तेव्हा 'कुलूप नसलेली बँक' म्हणून तिची बातमी सगळीकडे छापून आली होती. घराला दार नसेल तर अशी कौतुकाची बातमी होते. पण धावत्या गाडीचं दार नीट लागत नसेल तर? मग जी बातमी येते ती आपल्याला वाचवत नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे एक पत्र. पाथर्डी तालुक्यातल्या, सहावीत शिकणाऱ्या एका वाचकमित्रानं ते पाठवलं आहे. त्याचे वडील ट्रक चालवतात. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की त्यांचा ट्रक शेतातून कारखान्यावर आणि कारखान्यावरून शेतात असा रात्रंदिवस पळतो. आपला मित्र लिहितो : 'आमच्या ट्रकचं डाव्या बाजूचं दार लागत नाही. तीन-चारदा जोरात आपटावं लागतं. तरी गाडी खड्ड्यात आदळली की ते आपोआप उघडतं. म्हणून बाबांनी आतून दोरी बांधली आहे. सुट्टीत मी त्याच दाराशी बसतो. एवढं आपटूनही दार का लागत नाही?'

मित्रा, प्रश्न छान आहे. उत्तर सगळ्यांसाठीच देते. पण त्याआधी माझं एक ऐक. ते दार दुरुस्त होईपर्यंत तू त्याच्याशेजारी बसायचं नाही. कबूल? आता पुढे वाच.

आपल्याकडे प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्या काळी ऊस मुख्यतः बैलगाडीतून यायचा. बैलगाडीला दारच नसतं, आणि बैलाच्या चालीनं जाणाऱ्या गाडीतून कुणी पडलं तरी बहुधा गुडघ्यावर निभावायचं. ट्रकचं तसं नाही. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारा ट्रक एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जातो. 'एक' म्हणेपर्यंत वर्गाच्या दोन खोल्या ओलांडून गेलेला असतो. म्हणून ट्रकला नुसतं दार असून भागत नाही. ते नीट लागलेलं असावं लागतं.

दारात असतं काय?

ट्रकच्या दाराचे मुख्य भाग चार. पहिला भाग बिजागऱ्या. गॅरेजमधले मिस्त्री त्यांना 'कब्जे' म्हणतात. सहसा दाराच्या पुढच्या कडेला एक वर आणि एक खाली अशा त्या असतात, आणि सगळ्या दाराचं ओझं त्याच पेलतात. दुसरा भाग लॉक. ते दाराच्या मागच्या कडेला बसवलेलं असतं. तिसरा भाग म्हणजे केबिनच्या खांबावर घट्ट बसवलेली लोखंडी खुंटी किंवा कडी. तिला 'स्ट्रायकर' म्हणतात. आणि चौथा भाग चौकटीभोवतीचं रबर. धूळ, पाणी आणि वारा बाहेर ठेवायचं काम त्याचं.

लॉकच्या आत डोकावलात तर घोड्याच्या नालासारखा एक फिरता तुकडा दिसेल. दार लोटलं की स्ट्रायकर त्या नालाच्या खाचेत शिरतो. धक्क्यानं नाल फिरतो आणि स्ट्रायकरला कवेत घेतो. तेवढ्यात मागून एक छोटा खटका नालाच्या दात्यात अडकतो आणि त्याला मागे फिरू देत नाही. चावीच्या घड्याळाला चावी देताना 'कट्-कट्' आवाज येतो ना? तिथेही असाच एक खटका दात्यात अडकत असतो. आपण हँडल ओढतो तेव्हा हा खटका सुटतो, नाल मोकळा होतो आणि दार उघडतं.

एक 'खट्' की दोन?

आता महत्त्वाचं. नालाला दाते दोन असतात. खटका पहिल्या दात्यात अडकला की दार 'अर्धा लॉक' होतं. दुसऱ्या दात्यात अडकला की 'पूर्ण लॉक'. चांगलं दार सावकाश दाबून लावून पहा. दोन वेळा 'खट्' असा आवाज येईल.

अर्धा लॉक कशाला ठेवला? तर कुणी घाईत दार नीट लावलं नाही, तरी ते एकदम सताड उघडू नये म्हणून. तो अडीअडचणीचा पहारेकरी आहे, कायमचा नव्हे! मोटारगाड्यांच्या दारांसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत या दोन्ही दात्यांची ताकद ठरवून दिली आहे. दार उघडण्याच्या दिशेनं ओढलं, तर पूर्ण लॉकनं सुमारे ९०० किलो वजनाइतका ताण सोसला पाहिजे. अर्ध्या लॉकनं सोसायचा ताण सुमारे ४५० किलोंचा. म्हणजे नव्या कोऱ्या लॉकचीसुद्धा ताकद अर्ध्यावर निम्मी! मग वर्षानुवर्षं आपटून दाते झिजलेल्या लॉकचं काय? आपल्या मित्राच्या ट्रकचं दार खड्ड्यात उघडतं ते यामुळेच. ते लागतं असं त्याला वाटतं, पण ते बहुधा पहिल्याच दात्यावर लटकलेलं असतं.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, ती पुण्याहून आपल्या नगरला. एसटीत बसलात की कंडक्टरकाकांकडे लक्ष द्या. दार लागल्याशिवाय ते डबल बेल देत नाहीत. ट्रकला कंडक्टर नसतो. म्हणून ट्रकमध्ये ती डबल बेल दारानंच द्यायची : खट्, खट्!

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

दार अडतं कुठे? लॉकपाशी. म्हणून सगळे लॉकच्याच मागे लागतात. कुणी तेल ओततं, कुणी हातोडी मारतं, बाकीचे धाडकन् आपटतात. पण पुष्कळदा लॉक बिचारं निर्दोष असतं. दोष असतो दाराच्या दुसऱ्या टोकाला, बिजागरीत!

कसा ते गणितानं पाहू. वही घ्या आणि एक दार काढा. समजा, दाराची रुंदी ८० सेंटिमीटर आहे आणि दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर आहे. वरच्या बिजागरीची खीळ झिजली आणि तिथे फक्त १ मिलिमीटर ढिलाई आली. दार आता खालच्या बिजागरीभोवती किंचित कलेल. ४० सेंटिमीटरला १ मिलिमीटर, तर ८० सेंटिमीटरला किती? त्रैराशिक मांडा. उत्तर २ मिलिमीटर. म्हणजे बिजागरीत १ मिलिमीटरची चूक आणि लॉकपाशी दार २ मिलिमीटर खाली! बिजागरीकडे नुसतं पाहून एवढीशी ढिलाई कळतही नाही. पण लॉकचा नाल खाली उतरला, की तो स्ट्रायकरवर नीट बसत नाही, त्याच्या कडेवर आदळतो. मग कितीही जोर लावा.

उलट जोर लावल्यानं नुकसान वाढतं. दार दुप्पट वेगानं आपटलं तर धडकेचा मार दुप्पट नव्हे, चौपट होतो. तिप्पट वेगानं आपटलं तर नऊपट! तो मार लॉकला बसतो, स्ट्रायकरला बसतो आणि आधीच ढिल्या असलेल्या बिजागरीलाही बसतो. आज तीनदा आपटून लागणारं दार थोड्या दिवसांनी सहादा आपटावं लागतं, ते असं.

बिजागरी झिजते कशानं? शेतातल्या पाणंदीच्या खडबडीत वाटेनं, आत शिरलेल्या धुळीनं, ग्रीस न दिल्यानं. आणखी एक कारण आहे. दाराला लटकून झोके कोण घेतं? हात वर करा! ३० किलोचा मुलगा दाराच्या टोकाला लटकला, की ते ओझं लांब तरफेच्या टोकाशी ठेवल्यासारखं होतं. बिजागरीवर येणारा ताण त्याच्या वजनाहून पुष्कळ जास्त असतो. मोठी माणसंही केबिनमध्ये चढताना दाराला धरून अंग वर ओढतात. चढताना केबिनची दांडी धरावी, दार नाही.

पाच तपासण्या

आता आपल्या मित्राला काम देते. यात पाना लागत नाही. डोळे, कान, खडू आणि कागद एवढंच सामान पुरे. हंगामात ट्रक एक दिवस उभा ठेवणं बाबांना अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. पण कारखान्यावर नंबर येईपर्यंत ट्रक रांगेत थांबतोच ना? बाबांना सांग, 'नंबर येईपर्यंत एवढं पाहू या.' मात्र इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि बाबा शेजारी हवेत. ट्रक सपाट जागेवर हवा. एक चाक खड्ड्यात असलं तर केबिनला किंचित पीळ बसतो आणि चांगलं दारही वाकडं दिसतं.

१. फट पहा. दार हलकेच लोटून चार पावलं मागे जा. दार आणि केबिन यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? मागच्या बाजूला वर फट मोठी आणि खाली दार टेकायला आलेलं दिसलं, तर दार लोंबलं आहे.

२. दार उचलून पहा. दार अर्धं उघडा. बाबांना मागची कड दोन्ही हातांनी वर उचलायला आणि सोडायला सांगा. तुम्ही बिजागऱ्यांकडे पहा. बोटं मात्र फटीत घालू नका. 'खडखड' आवाज आला किंवा बिजागरी हलताना दिसली, की चोर सापडला.

३. खडू लावा. फळ्यावरचा पांढरा खडू स्ट्रायकरवर चोळा. दार हळूच लावून उघडा. लॉकनं खडू कुठे पुसला? मधोमध पुसला असेल तर छान. फक्त वरच्या कडेला पुसला असेल तर लॉक वरून घासतंय, म्हणजे दार खाली आलं आहे. खालच्या कडेला पुसला असेल तर उलट.

४. कागद धरा. वहीचा एक लांब कागद रबर आणि दार यांच्यामध्ये धरून दार लावा आणि कागद ओढा. थोडा अडून निघाला पाहिजे. सहज सुटला तर तिथे दार रबराला टेकत नाही. मुळीच हलला नाही तर तिथे दार फार दाबलं जातंय. असं चारही बाजूंनी करा. आपल्याकडच्या धुळीचा इथे उपयोग होतो बरं का! लांबचा प्रवास झाल्यावर रबराच्या आतल्या बाजूला धुळीची रेघ जिथे उमटते, तिथूनच वारा आत येतो.

५. काच खाली करा. सगळ्या काचा बंद करून दार लावा, मग एक काच खाली करून पुन्हा लावा. काच खाली केल्यावर दार सहज लागलं, तर अडवणारी होती ती आतली हवा! बंद केबिनमध्ये दार लोटताना हवा दाबली जाते आणि ती दाराला उलट रेटते. रबर नवं असेल तर हे जास्त जाणवतं. तो दोष नव्हे.

पाना कुणाच्या हातात?

पाना मिस्त्रीच्या किंवा बाबांच्या हातात, तुमच्या नाही. ट्रकचं दार वजनदार असतं. ते निसटलं तर पाय चिरडेल. पण मिस्त्री काय करतात आणि कोणत्या क्रमानं करतात ते नीट पहा. क्रम चुकला तर कष्ट वाया जातात.

आधी बिजागरी. खीळ झिजली असेल तर ती बदलायची. झिजलेल्या खिळीला कितीही आवळलं तरी ती जाड होत नाही! खीळ चांगली असेल आणि नुसते बोल्ट ढिले झाले असतील, तर दाराखाली जॅक लावतात. जॅकवर लाकडी फळी आणि फळीवर गोणपाट, म्हणजे पत्र्याला पोचे पडत नाहीत. मग बिजागरीचे बोल्ट थोडेसेच सैल करतात, काढत नाहीत. बहुतेक गाड्यांत बोल्टांची भोकं बोल्टांपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात, ती एवढ्याचसाठी. दार जॅकनं केसभर वर घेऊन फट सारखी झाली की बोल्ट पुन्हा आवळतात.

त्यानंतर स्ट्रायकर. तो हलवण्याआधी चांगला मिस्त्री त्याच्याभोवती पेन्सिलीनं किंवा खिळ्यानं रेघ मारून ठेवतो. का? प्रयोग बिघडला तर मूळ जागी परत येता यावं म्हणून. स्ट्रायकर थोडा आत घेतला तर दार घट्ट बसतं, बाहेर घेतला तर सैल लागतं. वर-खाली केला तर खडूची खूण मध्यावर येते. एका वेळी एकच बदल, तोही सूतभर. मग दार लावून पाहायचं. पुन्हा सूतभर, पुन्हा पाहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानं आला तेच कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगात आपण हाच नियम पाळतो ना?

काही जण बिजागरी तशीच ठेवून स्ट्रायकरच खाली घेतात. दार लागतं, पैसे वाचतात, सगळे खूश! पण बिजागरी झिजतच राहते. थोड्या दिवसांनी दार आणखी खाली येतं आणि स्ट्रायकरला खाली सरकायला जागा उरत नाही. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखंच हे.

शेवटी साफसफाई. लॉकमधली जुनी, धुळीनं घट्ट झालेली चिकटण पुसायची आणि मग थोडं ताजं वंगण द्यायचं. धुळीवरच तेल ओतलं तर त्याचा चिखल होतो. रबर फाटलं असेल तर तेही बदलायचं. आता तर नियमच असा आहे की नव्यानं तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांना वातानुकूलित केबिन हवी. दारातून वारा गळत असेल तर ती थंड राहील का?

आणि दोरीचं काय?

मित्रा, दोरी ही गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती. ती दाराला थोडं धरून ठेवते हे खरं. पण हादऱ्यांनी गाठ सैल होते. आणि समजा, गाडी कलंडली किंवा केबिनमध्ये धूर झाला, तर घाबरलेल्या माणसाला अंधारात गाठ सोडता येईल का? दारानं दोन कामं केली पाहिजेत. हवं तेव्हा बंद राहिलं पाहिजे आणि हवं तेव्हा एका ओढीत उघडलं पाहिजे. दोरी त्यातलं एक अर्धंमुर्धं करते आणि दुसरं बिघडवते. बाबांशी भांडू नकोस. खडूची खूण दाखव, हलणारी बिजागरी दाखव. डोळ्यांनी दिसलेली गोष्ट मोठी माणसंही मानतात.

करून पहा

ज्यांच्याकडे ट्रक नाही त्यांनी हिरमुसू नका. दारं सगळ्यांकडे आहेत. या आठवड्यात घरातलं, शाळेतलं, गोठ्याचं किंवा कपाटाचं एक अडणारं दार शोधा. वहीत तीन रकाने आखा : दार कुठे अडतं, दोष कुठे सापडला, उपाय काय.

अकोल्याच्या डोंगराळ भागातल्या मित्रांसाठी एक इशारा. तुमच्याकडे पाऊस भरपूर. लाकूड ओल शोषून फुगतं आणि ते रुंदीत जास्त फुगतं, लांबीत अगदी कमी. त्यामुळे पावसाळ्यात अडणारं लाकडी दार हिवाळ्यात आपोआप लागू शकतं. त्याला रंधा मारायची घाई केली तर उन्हाळ्यात बोटभर फट पडेल! म्हणून 'दार केव्हापासून अडतंय' हेही लिहा. लोखंडी दार ओलीनं फुगत नाही, ते लोंबतं. कोणतं दार कशानं अडलं, हे आधी ओळखायचं आणि मग हात लावायचा.

तुमच्या वहीतला तक्ता पोस्टकार्डावर उतरवून मला पाठवा. आणि पाथर्डीच्या मित्रा, तुझ्या पत्राची मी खास वाट पाहते आहे. त्यात एकच गोष्ट कळव : तुमच्या दाराचा 'खट्' एकदा येतो की दोनदा?